कादंबरी हा पुरावा होऊ शकतो काय? मेडोज टेलर, सीमाप्रदेश आणि भाषा

१. प्रश्नाचे स्वरूप

मराठवाड्याच्या एकोणिसाव्या शतकातील लोकजीवनाचा व बोलींचा अभ्यास करू पाहणाऱ्यास पहिली अडचण भासते ती साधनांची. निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा आधी फार्सी व नंतर उर्दू होती. मराठी छापखाने, नियतकालिके आणि शाळा यांचा प्रसार मुंबई-पुण्याच्या मानाने येथे बराच उशिरा झाला. म्हणून पुणे-सातारा भागासाठी सहज मिळणारे मराठी गद्य या भागासाठी दुर्मिळ आहे. अशा स्थितीत अभ्यासकाची दृष्टी इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखनाकडे वळते, आणि त्या लेखनात एक नाव वारंवार पुढे येते. ते म्हणजे फिलिप मेडोज टेलर (१८०८–१८७६).

टेलर हा निजामाच्या नोकरीतील अधिकारी होता आणि कादंबरीकारही होता. गुन्ह्याचे रहस्य व इतिहास यांची सांगड घालणाऱ्या आणि दोन सत्ता, दोन धर्म, दोन भाषा यांच्या सीमेवर घडणाऱ्या कथा त्याने लिहिल्या. त्याच्या ‘तारा’ या कादंबरीत तुळजापूर आहे, आणि त्याच्या आत्मचरित्रात नळदुर्ग आहे. देवणी, उदगीर, निलंगा या पट्ट्याचा अभ्यासक त्याच्याकडे आस्थेने पाहतो ते यामुळेच. हा पट्टा १९५६ पूर्वी बिदर जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात आले, तर भालकी, औराद, हुमनाबाद हे म्हैसूर राज्यात गेले. १९८२ मध्ये लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. देवणीच्या पूर्वेस आज राज्याची सीमा आहे. तथापि भाषा त्या रेषेवर थांबत नाही. अलीकडच्या गावांत कन्नड ऐकू येते, पलीकडच्या भालकी-औरादकडे मराठी बोलली जाते, आणि दखनी उर्दू दोन्हीकडे आहे.

टेलरच्या कादंबऱ्या या प्रदेशाच्या भाषेचा व समाजाचा पुरावा म्हणून कितपत ग्राह्य धराव्यात, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. तो केवळ वाङ्मयीन नाही. एका कादंबरीने रूढ केलेली प्रतिमा कायद्याच्या प्रतिमेत मिसळली म्हणजे तिचे ओझे पुढे माणसांना वाहावे लागते, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२. लेखक आणि त्याची कर्मभूमी

टेलरचा जन्म १८०८ मध्ये लिव्हरपूल येथे झाला. वयाच्या पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये, तो मुंबईस एका व्यापाऱ्याच्या पेढीवर काम करण्यासाठी आला. पेढीची स्थिती खालावलेली निघाल्याने त्याला निजामाच्या सैन्यात जागा मिळवून देण्यात आली. कंपनीच्या नोकरीत नव्हे, तर निजामाच्या नोकरीत, ही गोष्ट महत्त्वाची आहे. कंपनीच्या अधिकाऱ्याचा दर्जा व बढती त्याला कधीच पूर्णपणे लाभली नाही. उलट, एतद्देशीय सरदार, देशमुख, सावकार व रयत यांच्याशी त्याचा संबंध अधिक निकटचा राहिला. त्याची पत्नी मेरी ही हैदराबादचे प्रसिद्ध पेढीवाले विल्यम पामर यांची कन्या होती, आणि पामर यांची आई हिंदी मुसलमान घराण्यातील होती. तेव्हा सीमा ही टेलरच्या बाबतीत केवळ नकाशावर नव्हती, ती घरातही होती.

तरुणपणी त्याने निजामाच्या राज्याच्या नैर्ऋत्य भागात पोलिसखात्याचे काम केले. पुढे सुरपूर या बेरड संस्थानाचा कारभार अल्पवयीन राजाच्या वतीने सुमारे दहा वर्षे पाहिला. १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब व नळदुर्ग-धाराशिव हे प्रदेश इंग्रजांच्या ताब्यात देण्यात आले, तेव्हा नळदुर्ग जिल्हा टेलरकडे सोपविण्यात आला. तेथे त्याने जमिनीची मोजणी, रस्ते, महसूल यांची घडी बसविण्याचा प्रयत्न केला. १८५७ मध्ये त्याची बदली वऱ्हाडात झाली, आणि १८६० मध्ये तो निवृत्त होऊन मायदेशी परतला. त्याच वर्षी नळदुर्ग-धाराशिव हा प्रदेश निजामाकडे परत गेला.

त्याची ग्रंथसंपदा थोडक्यात अशी: ‘एका ठगाची जबानी’ (१८३९), ‘टिपू सुलतान’ (१८४०), ‘तारा’ (१८६३), ‘राल्फ डार्नेल’ (१८६५), ‘सीता’ (१८७२), आणि मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या दोन कृती, ‘माझ्या जीवनाची कथा’ हे आत्मचरित्र (१८७७) व चांदबिबीवरील ‘एक थोर राणी’ (१८७८). येथे दिलेली नावे मूळ इंग्रजी नावांचे मराठी रूप आहेत. यांशिवाय विजापूरच्या वास्तुशिल्पावर फर्ग्युसनसह केलेला ग्रंथ (१८६६) आणि हिंदुस्थानच्या इतिहासाचे पाठ्यपुस्तक (१८७०) हेही त्याच्या नावावर आहेत.

३. जबानी आणि कादंबरी

‘एका ठगाची जबानी’ या कादंबरीची बांधणी पाहण्यासारखी आहे. अमीर अली हा माफीचा साक्षीदार झालेला ठग एका साहेबासमोर आपले आयुष्य सांगतो. बालपणी त्याच्या आईबापांना ठगांनी मारले आणि त्या टोळीतील इस्माईलने त्याला पोटच्या मुलासारखे वाढविले. मारणारा हाच पिता, हे रहस्य त्याला फार उशिरा कळते. त्याहून भयंकर रहस्य म्हणजे त्याने स्वतः गळा आवळून मारलेली एक स्त्री ही त्याची सख्खी बहीण होती. नेहमीच्या रहस्यकथेत गुन्हेगार कोण हे अज्ञात असते. येथे गुन्हेगार पहिल्या पानापासून बोलतो आहे, आणि अज्ञात आहे तो त्याचा स्वतःशी असलेला संबंध. या दृष्टीने ही कादंबरी आपल्या काळाच्या पुढे होती, असे म्हणता येईल.

बांधणीचे मूळ मात्र कचेरीत आहे. ठगांविषयीची मोहीम विल्यम स्लीमन याच्या नेतृत्वाखाली चालली ती मुख्यत्वे माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर. १८३६ च्या कायद्याने, विशिष्ट खून सिद्ध न होताही, केवळ ठगांच्या टोळीत असणे हा जन्मठेपेस पात्र गुन्हा ठरला. त्याच वर्षी स्लीमनचा ‘रामासीयाना’ हा ठगांच्या तथाकथित भाषेचा कोश प्रसिद्ध झाला. टेलरने प्रस्तावनेत आपल्या नायकाचा संबंध प्रत्यक्षातील एका साक्षीदाराशी जोडला, आणि ७१९ खुनांत भाग घेतल्याची त्याची कबुली नमूद केली. हा आकडा पुढे अनेक लेखकांनी कादंबरीतून उचलून इतिहासात नेला.

भाषाभ्यासकाने येथे एक साखळी लक्षात घ्यावी. साक्षीदार आपल्या बोलीत बोलतो, त्याचे बोलणे मुनशी लिहून घेतो, त्याचे इंग्रजी होते, अधिकारी त्यातून निवड करतो, आणि कादंबरीकार त्याला ओघ देतो. प्रत्येक पायरीवर काही गळते आणि काही भरले जाते. शेवटी अमीर अली ज्या अस्खलित, लयबद्ध इंग्रजीत बोलतो, तीतून त्याची बोली कोणती होती याचा मागमूस लागत नाही. दखनी बोलणारा मनुष्य ‘नक्को’ म्हणतो, ‘लोगाँ’, ‘बाताँ’ अशी अनेकवचने करतो, आणि मराठीतून आलेला अवधारणवाचक ‘च’ शब्दास जोडतो. उत्तरेकडील हिंदुस्तानी बोलणारा यांतले काहीच करीत नाही. दोघेही टेलरच्या पानावर एकसारखे बोलतात. म्हणजे, ज्या गोष्टीसाठी सीमाप्रदेशाचा भाषाभ्यासक या कादंबरीकडे जातो, नेमकी तीच गोष्ट तेथे नाही.

४. ‘रामासी’ ही भाषा होती काय?

टेलरच्या कादंबरीत ठगांचे काही शब्द मूळ रूपात येतात. गळा आवळणारा तो ‘भुट्टोटे’, वाटसरूस बोलण्यात गुंगविणारा तो ‘सोठा’, खड्डा खणणारा तो ‘लुगाई’, सावज म्हणजे ‘बनिज’, आणि खुनाची खूण म्हणजे ‘झिरणी’. या शब्दांमुळे वाचकाच्या मनावर असा ठसा उमटतो की, ठगांची एक स्वतंत्र गुप्त भाषा होती, आणि म्हणून एक स्वतंत्र, पिढीजात, देशभर पसरलेला पंथही होता.

भाषाशास्त्राच्या कसोटीवर हे अनुमान टिकत नाही. भाषा म्हणावयाची तर तिला स्वतःची वर्णव्यवस्था, रूपव्यवस्था व वाक्यरचना हवी. ‘रामासी’स व्याकरण हिंदुस्तानीचेच आहे, वेगळा आहे तो काही शब्दांचा संच. त्या संचातील अनेक शब्द नेहमीच्या व्यवहारातीलच असून त्यांस विशेष अर्थ दिलेला आहे. ‘बनिज’ म्हणजे व्यापार किंवा माल, ‘कस्सी’ म्हणजे खणण्याचे अवजार. अशा शब्दसंचास सांकेतिक बोली म्हणणे योग्य, भाषा म्हणणे नव्हे.

आणि सांकेतिक बोली ही गुन्हेगारांचीच मिरासदारी नाही. महाराष्ट्रातील व्यापाऱ्यांत दलालीच्या सोयीसाठी अंक गुप्तपणे सांगण्याची ‘नंदभाषा’ प्रचलित होती. गिऱ्हाइकाच्या देखत भाव ठरवावा आणि त्याला कळू नये, एवढाच तिचा हेतू. सोनार, गुरांचे दलाल, फिरते कलावंत अशा अनेक धंद्यांत अशा परिभाषा आढळतात. नंदभाषेवरून कोणी व्यापारी जातींस गुन्हेगार ठरविले नाही. तीच गोष्ट भटक्या समाजाच्या बाबतीत घडली तेव्हा मात्र निष्कर्ष वेगळा निघाला. गुप्त शब्दसंच हा गुप्त संघटनेचा, आणि संघटना ही जन्मसिद्ध गुन्हेगारीचा पुरावा मानली गेली.

ठगमोहिमेत रुजलेली ही विचारसरणी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात पूर्ण रूपास आली. ग्रिअर्सनच्या भाषिक पाहणीच्या अकराव्या खंडात (१९२२) भटक्या जमातींच्या बोली एकत्र केलेल्या आहेत. साहित्य म्हणून तो खंड मोलाचा आहे, पण त्यातील वर्गीकरणावरही या कल्पनेची छाया दिसते. कायदा रद्द होऊन त्या जमाती ३१ ऑगस्ट १९५२ रोजी विमुक्त झाल्या. मराठवाड्यातील पारधी, कैकाडी व इतर समाजांस त्या शिक्क्याचे परिणाम त्यानंतरही भोगावे लागले आहेत. याचा दोष एका कादंबरीवर टाकणे अन्यायाचे होईल. तथापि कायद्याने जे रूक्षपणे सांगितले ते कादंबरीने मनोरंजक केले व दूरवर नेले, हे नाकारता येत नाही. राधिका सिंघा (१९९८) व किम वॅग्नर (२००७) यांच्या संशोधनानंतर ठगांविषयीच्या चर्चेचा रोखही बदलला आहे. वाटमारी व गळा आवळून केलेले खून हे वास्तव होते, परंतु त्यांना एकसंध पंथाचे रूप कसे मिळाले, याचा शोध दप्तरांतूनच घ्यावा लागतो.

५. ‘तारा’: तारखेचा प्रश्न

टेलरने तीन कादंबऱ्यांची एक मालिका योजली होती. ‘तारा’ १६५७, ‘राल्फ डार्नेल’ १७५७ आणि ‘सीता’ १८५७. शंभर-शंभर वर्षांच्या अंतराने हिंदुस्थानात सत्तांतराचे तीन प्रसंग घडले, ही त्यामागील कल्पना. ‘तारा’तील मध्यवर्ती ऐतिहासिक घटना अफझलखानाचा वध ही आहे, आणि ती इतिहासात १० नोव्हेंबर १६५९ रोजी घडली. म्हणजे तारीख दोन वर्षांनी मागे सरकली आहे. ही साधी चूक म्हणून सोडून द्यावी असे नाही. प्लासी १७५७ मध्ये आणि उठाव १८५७ मध्ये, ही दोन टोके पक्की असल्याने तिसरे टोक त्यांच्या रांगेत येते, आणि इतिहास मालिकेच्या सोयीस वाकतो. अभ्यासकाने ‘तारा’तील कालनिर्देश आधार म्हणून वापरू नये, यास हे एक उदाहरण पुरे आहे.

कथानकाचा केंद्रबिंदू तुळजापूर येथील व्यास शास्त्री यांची विधवा कन्या तारा हा आहे. मोरो त्रिमल याच्या कारस्थानांतून तिच्यावर संकटे येतात, आणि अखेर अफझलखानाचा मुलगा फाझल याच्याशी तिचा विवाह होतो. शिवकालाकडे विजापूरच्या बाजूने पाहणारी, खानाच्या घराविषयी सहानुभूती बाळगणारी ही कथा आहे. ‘सीता’तही एक तरुण हिंदू विधवा आहे, आणि तिचा विवाह इंग्रज अधिकाऱ्याशी होतो. दोन्ही कादंबऱ्यांत विधवा ही सीमा ओलांडणारी व्यक्ती आहे, हा योगायोग नव्हे. १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला, आणि १८५७ मध्ये बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. टेलरने शिवकालात ठेवलेली तारा ही पुष्कळ अंशी १८६० च्या सुमारास चाललेल्या वादातील आहे.

६. शब्द कोठे साक्ष देतात, कोठे देत नाहीत

टेलर मराठी जाणत होता, आणि अनेक स्थानिक शब्द त्याने इंग्रजीत तसेच ठेवले. तेव्हा निदान हे शब्द तरी पुरावा ठरावेत, असे वाटणे स्वाभाविक आहे. तीन उदाहरणे पाहू.

पहिले, स्थलनामांचे लेखन. टेलरचे लेखन बहुतांशी गिलख्रिस्टच्या काळच्या पद्धतीचे आहे. त्यात ‘अ’साठी इंग्रजी ‘यू’ आणि ‘उ’ व ‘ऊ’ या दोन्हींसाठी दोन ‘ओ’ येतात. म्हणून ‘तुळजापूर’ या नावातील ऱ्हस्व ‘तु’ आणि दीर्घ ‘पू’ एकाच चिन्हाने लिहिले जातात. ‘ळ’साठी वेगळे चिन्ह नाही. या लेखनावरून स्वराची लांबी किंवा ‘ल’-‘ळ’ भेद यांविषयी काहीच ठरविता येत नाही. नळदुर्ग हे नाव तो ‘नल्द्रूग’ असे वाचले जाईल अशा रीतीने लिहितो. ‘दुर्ग’चे ‘द्रुग’ हा वर्णविपर्यय बोलींत संभवनीय आहे. परंतु दक्षिणेतील किल्ल्यांच्या नावांत, उदाहरणार्थ चितळदुर्ग, सावनदुर्ग यांच्या इंग्रजी लेखनात, हाच प्रघात सर्वत्र आढळतो. तेव्हा टेलरने नळदुर्गात ऐकलेला उच्चार लिहिला की इंग्रजांचा रूढ प्रघात पाळला, हे केवळ त्याच्या लेखनावरून सांगता येणार नाही.

दुसरे, संबोधने. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ अशी तिहेरी व्यवस्था आहे. वय, नाते, जात, हुद्दा आणि राग-लोभ यांनुसार बोलणारा त्यांत निवड करतो. इंग्रजी कादंबरीकाराच्या हाती एक जुनाट एकवचन आणि एक नेहमीचे रूप, एवढेच होते. टेलरचे जुनाट एकवचन कधी जिव्हाळा दाखविते, कधी तुच्छता, तर कधी केवळ पौर्वात्य वातावरण. बाप-लेक, पुजारी-यजमान, पाटील-महार यांच्यातील अंतर ज्या सूक्ष्म रीतीने मराठीत व्यक्त होते, ते तेथे सपाट होते. मराठवाड्यातील ‘करायलाय’, ‘जायलाय’ यांसारख्या क्रियारूपांना तर तेथे वावच नाही.

तिसरे, संस्थावाचक शब्द. ‘तारा’त तुळजापूरच्या देवीस वाहिलेल्या स्त्रियांसाठी ‘मुरळी’ हा शब्द येतो. मराठीच्या रूढ वापरात मुरळी ही खंडोबाची. तुळजाभवानीच्या परंपरेत आराधी, गोंधळी, पोत यांचे स्थान आहे. मग टेलरच्या काळी हा शब्द या भागात अधिक व्यापक अर्थाने वापरात होता, की त्याने दोन परंपरा एकत्र केल्या? पहिली शक्यता खरी ठरली तर ती अर्थपरिवर्तनाची महत्त्वाची नोंद होईल. दुसरी खरी ठरली तर ती लेखकाची सरमिसळ. निर्णय कादंबरी देऊ शकत नाही. देवस्थानाचे जुने कागद आणि स्थानिक वृद्धांची स्मृती यांच्याकडेच जावे लागेल.

याच्या उलट एक बाजू आहे, तीही न्यायाने मांडली पाहिजे. भूप्रदेश, घाट, किल्ले, हवामान, प्रवासाचे टप्पे, बाजार व कचेरी यांचे टेलरचे वर्णन सामान्यतः भरवशाचे आहे. नळदुर्गात तो स्वतः राहिला, आणि तुळजापूर त्याच्या जिल्ह्यात होते. मोजणीदाराची नजर आणि प्राचीन अवशेषांविषयीची आस्था त्याच्यापाशी होती. म्हणजे डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींचा तो चांगला साक्षी आहे, कानांनी ऐकलेल्या गोष्टींचा मात्र नाही.

७. मराठी कादंबरीशी संबंध

मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्या ‘मोचनगड’चा (१८७१) उल्लेख होतो. ‘तारा’ तिच्या आठ वर्षे आधीची. गुंजीकरही सीमाप्रदेशाचेच, बेळगाव जिल्ह्यातील जांबोटीचे, आणि कन्नडचे जाणकार. त्यांनी किल्ला काल्पनिक घेतला, पण माणसे मराठीत बोलतात, हा भेद मोठा आहे. पुढे हरि नारायण आपटे यांची ‘म्हैसूरचा वाघ’ ही कादंबरी टेलरच्या ‘टिपू सुलतान’वर आधारलेली होती. मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या श्रेष्ठ लेखकाने आरंभी टेलरचा हात धरला आणि ‘उषःकाल’मध्ये तो सोडला, ही घटना उद्बोधक आहे. स्कॉटपासून चालत आलेला साचा, म्हणजे दोन छावण्यांमध्ये सापडलेला तरुण, गुप्त वेष, हरवलेले नाते, हा आपट्यांनी घेतला. परंतु त्यात बोलणारी माणसे त्यांनी आपल्या भाषेतून उभी केली.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. टेलरच्या कादंबऱ्या भूप्रदेश व भौतिक जीवन यांसाठी दुय्यम साधन म्हणून वापरता येतील. कालनिर्देश, धार्मिक संस्था व लोकसंख्या-आकडे यांसाठी त्या स्वतंत्र पुराव्याने पडताळून घेतल्याशिवाय वापरू नयेत. बोलीच्या पुराव्यासाठी त्या वापरूच नयेत.

सीमाप्रदेशाच्या भाषेचा खरा पुरावा आजही देवणीच्या आठवडी बाजारात, गुरांच्या सौद्यात, लमाणांच्या तांड्यावर आणि दोन राज्यांत लग्नसंबंध असलेल्या घरांत उपलब्ध आहे. देवणी जातीच्या बैलाचा सौदा होत असता एकच मनुष्य किती भाषांत बोलतो, कोणाशी ‘तू’ आणि कोणाशी ‘तुम्ही’ म्हणतो, भाव सांगताना कोणता सांकेतिक अंक वापरतो, याची पद्धतशीर नोंद झाली पाहिजे. अशी नोंद करताना बोलणाऱ्याच्या जातीवरून त्याच्या शब्दास गुप्त किंवा गुन्हेगारी ठरविण्याची जुनी सवय संशोधकाने सोडली पाहिजे. अमीर अलीचे शब्द साहेबाच्या कचेरीतून जगापुढे गेले. ज्यांच्यावर त्या शब्दांचा शिक्का बसला, त्यांची बोली त्यांच्याच तोंडून टिपून घेण्याचे काम अद्याप शिल्लक आहे.